आधी माती, मग टॅरंटुला

लेकीने बाराव्या वाढदिवसाला टॅरंटुला मागितला. आम्ही इंग्लंडमध्ये, रेडिंगला राहतो. इथे ही मागणी फारशी जगावेगळी नाही. तरी हो म्हणायला मी चार महिने घेतले. सावंतवाडीहून आईने फोनवर एवढंच विचारलं, “कोळी कोण पाळता गो?”

पाळायचा तर घर आधी आणि प्राणी नंतर, ही माझी एकच अट होती. आम्ही निवडली ती कुरळ्या केसांची जात, ट्लिल्टोकॅटल अल्बोपिलोसस. मूळची निकाराग्वा, होंडुरास, कोस्टारिकाकडची, स्वभावाने शांत आणि जमिनीवर राहणारी. पाळीव जोडीपासून वाढवलेली मादी मिळाली. पाय पसरले की आठ सेंटिमीटर भरतील एवढी.

दुकानदाराने सोबत ‘पूर्ण संच’ दिला होता: काचेची उभी टाकी, वर जाळीचं झाकण, तळाशी लावायची गरम चटई, पाण्याच्या वाटीत ठेवायचा स्पंज. पैसे देऊन घरी आणल्यावर मी वाचायला बसले आणि त्यातली एकेक वस्तू बाजूला काढत गेले. शेवटी संचातलं काहीच उरलं नाही. पहिल्यांदा पाळणाऱ्याला अशा वस्तू विकणं मला अजूनही चुकीचं वाटतं, कारण त्यातल्या बहुतेक त्या जिवाला अपाय करणाऱ्या होत्या.

उभ्या टाकीचंच घ्या. टॅरंटुलाच्या पायांतले काही सांधे वाकवायला स्नायू असतात, पण सरळ करायला नसतात. पाय ताणला जातो तो अंगातल्या द्रवाच्या दाबाने. पोट मात्र पातळ कातडीचं, द्राक्षासारखं. जमिनीवरची जड जात काचेवर चढली आणि हातभर उंचीवरून पडली, तर पोट फुटू शकतं. द्रव वाहून जातो, दाब उतरतो आणि पाय आखडून ती मरते. म्हणून मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतची उंची पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नसावी. लांबी मात्र तिपटीच्या आसपास हवी. आम्ही ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि २० उंच अशी ॲक्रिलिकची पेटी घेतली. तिच्यात १२ सेंटिमीटर माती भरायची, म्हणजे वर आठच सेंटिमीटर उरतात.

जाळीत पायाच्या टोकाची नखं अडकतात आणि सुटायच्या धडपडीत पाय तुटतो. आमच्या पेटीला समोरासमोरच्या दोन बाजूंना भोकं आहेत, त्यामुळे हवा एकीकडून शिरून दुसरीकडून निघते. झाकणाला कडी आहे. स्पंजमध्ये घाण साठते, आणि पाणी पिताना टॅरंटुला तोंड थेट पाण्याला लावते, त्यामुळे त्याचा उपयोगही नाही. सगळ्यात वाईट ती गरम चटई. रानात ऊन वाढलं की हा प्राणी खाली उतरतो, कारण खोल माती गार असते. तळालाच चटई लावली तर तो थंडाव्यासाठी खणत थेट चटक्याकडे जाणार. आमची खोली २१-२२ अंशांची असते. आम्हाला बरं वाटतं तेवढ्यात तिलाही बरं वाटतं.

मग माती. कोकोपीटची कोरडी वीट बादलीत टाकून वर कोमट पाणी ओतलं. ती फुगत गेली आणि स्वयंपाकघरात आमच्या सावंतवाडीच्या परसातल्या भिजलेल्या नारळाच्या सोडणांचा वास पसरला. तो वास घेत मी थोडा वेळ नुसतीच बसले. त्यात खत नसलेली बागेची माती मिसळली. लेकीला सांगितलं, मूठ आवळ. लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. तिने पहिल्यांदा पिळली तेव्हा पाण्याची धार लागली. मिश्रण परातीत पसरून दुपारभर सुकू दिलं.

भरताना आम्ही घाई केली, ही आमचीच चूक. सैल भरलेल्या मातीत चमच्याच्या दांड्याने भोक पाडलं आणि ते लगेच ढासळलं. सगळी माती काढली. दोन बोटं थर, मग मुठीने दाब, पुन्हा थर, असं करत भरली. या वेळी दांडा काढल्यावर भोक तसंच राहिलं. बुचाच्या झाडाची अर्धगोल साल त्यावर तिरकी रोवली. कोपऱ्यात उथळ वाटी ठेवली. काटेरी रोप नाही, टोकदार दगड नाही. लेकीने आणलेली छोटी चिनी मातीची कवटीही नाही. त्यावर ती रुसली.

हात लावायचा नाही, हाही नियम आहे. चावा हे त्याचं एक कारण. दुसरं असं, की अमेरिका खंडातल्या बऱ्याच टॅरंटुला मागच्या पायांनी पोटावरचे बारीक केस उडवतात. २००९ साली लीड्समधला एक तरुण पेटीची काच पुसत असताना असे केस त्याच्या डोळ्यात गेले. ते बुबुळात रुतले. ही हकीकत डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली आहे. आम्ही पेटी उघडतो ती लांब चिमटा घेऊन, चेहरा दूर ठेवून.

तिला सोडताना तिचा डबा पेटीत आडवा ठेवला आणि मऊ ब्रशने मागून हलकेच स्पर्श केला. ती बाहेर आली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. दोन दिवस तिथेच. तिसऱ्या सकाळी पाण्याची वाटी मातीच्या गोळ्यांनी भरलेली, सालीखाली रेशमाचा पातळ गालिचा आणि ती कुठेच नाही. लेक हिरमुसली. “आई, दिसतच नाही!” मला मात्र तेव्हा पहिल्यांदा काम जमल्यासारखं वाटलं. बिळात राहणाऱ्या प्राण्याला बीळ मिळालं होतं. ते त्याच्यासाठी होतं, आपल्याला बघायला मिळावं म्हणून नव्हतं.

पुढे तिने बिळाचं तोंडही आतून लिंपून घेतलं. कात टाकायच्या आधी टॅरंटुला अनेकदा असं करतात. तेव्हा उकरायचं नाही, जिवंत किडा आत सोडायचा नाही. कधी ती उताणी पडलेली दिसली, तर ती मेलेली नसते, कात टाकत असते. नवे दात पांढरट आणि मऊ असतात. ते काळे पडेपर्यंत खायला द्यायचं नाही, वाटीत पाणी तेवढं ठेवायचं.

मादी वीस वर्षांहून अधिक जगू शकते. लेक बत्तीस वर्षांची होईल तेव्हाही ही पेटी कोणीतरी सांभाळत असेल, हे आम्ही दोघींनी आधीच बोलून घेतलं होतं.

सावंतवाडीहून आंबोलीला जाणाऱ्या वाटेवर रस्त्याकडेच्या दरडीत रेशमी काठाची भोकं मी लहानपणी पाहिली आहेत. त्यांत काडी घालून आतल्या कोळ्याला डिवचण्याचा खेळ आम्ही खेळायचो. सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहणारा पोइसिलोथेरिया रेगॅलिस हा टॅरंटुलाही आहे. विदेशातल्या हौशी लोकांची पोइसिलोथेरिया वंशाला मोठी मागणी असते. २०१९ साली हा सगळा वंश ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला, म्हणजे त्याच्या व्यापारावर आता नियंत्रण आहे. सह्याद्रीच्या आसपास राहणाऱ्यांना माझी विनंती आहे. रेशमी काठाचं भोक दिसलं तर दोन पावलं मागे उभे राहून पाहा. काडी घालू नका, बाटलीत भरून घरी आणू नका. दिवस मावळल्यावर विजेरीचा उजेड बाजूला धरून थांबलात, तर आतली कोळीण स्वतःच दारात येऊन बसेल.