भिंतीपलीकडचा निरोप

आमच्या प्रयोगशाळेतील जुनी सूचनापत्रके संगणकात साठवलेली आहेत. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने त्यांपैकी एक पत्रक अक्षरजुळणीच्या जुन्या आज्ञावलीतून, म्हणजे प्रोग्रॅममधून, उचलले आणि एका नव्या आज्ञावलीत चिकटवले. पाहतो तो काय, ‘लंबकाचा दोलनकाल’ या शीर्षकाच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि विरामचिन्हांची नुसती खिचडी! गंमत अशी की, वाटेत एकही खूण हरवली नव्हती. निरोप जसाच्या तसा पोहोचला होता. पोहोचला नव्हता तो त्याचा अर्थ. असे का व्हावे? त्यासाठी एकाच संगणकातील दोन आज्ञावल्या एकमेकींशी कशा बोलतात, हे आधी पाहू.

पडद्यावर दोन चौकटी शेजारी शेजारी दिसतात. त्यामुळे त्यांच्या आज्ञावल्याही आत शेजारी बसून गप्पा मारत असतील, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये पक्की भिंत असते. संगणकाचा सारा कारभार ऑपरेटिंग सिस्टिम पाहते. आपण तिला ‘कारभारी’ म्हणू. हा कारभारी प्रत्येक चालू आज्ञावलीला स्मृतीचा स्वतंत्र भाग नेमून देतो. स्मृतीतील जागांना क्रमांक असतात, पण ते त्या त्या आज्ञावलीपुरतेच खरे. दोन वाड्यांत प्रत्येकी ५ नंबरची खोली असते, पण त्या खोल्या एक नव्हेत. तसेच हे आहे. आज्ञावलीने क्रमांक उच्चारला की, संगणकाचा प्रक्रियक कारभाऱ्याने आखून दिलेल्या तक्त्यात पाहून खरी जागा शोधतो. तक्त्यात नसलेल्या जागेला हात लावू पाहणारी आज्ञावली सहसा तेथेच बंद पाडली जाते.

एवढा कडक बंदोबस्त कशासाठी? १९९२ साली आलेल्या विंडोज ३.१ मध्ये बहुतेक आज्ञावल्या एकाच सामाईक स्मृतीत नांदत असत. त्यामुळे एकीचे पाऊल चुकले की, दुसरीचे तासाभराचे काम बुडण्याचा धोका असे. भिंत आली आणि एकीची चूक तिच्या घरातच राहू लागली. मात्र भिंतीबरोबर एक अडचणही आली. आता शेजारणीला निरोप द्यायचा, तर तो कारभाऱ्याच्या हातूनच द्यावा लागतो.

निरोप पाठवण्याची एक जुनी आणि सुबक रीत म्हणजे ‘पाइप’. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ साली एक टिपण लिहिले. बागेतील पाण्याच्या नळीला दुसरी नळी जोडावी, तशा आज्ञावल्या एकमेकींना जोडता याव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. १९७३ साली केन टॉम्प्सन यांनी युनिक्स प्रणालीत ही कल्पना प्रत्यक्षात आणली. समजा, एक आज्ञावली गुणांच्या यादीतून ‘अ’ तुकडीची नावे वेचते आणि दुसरी ती अकारविल्हे लावते. पहिलीने लिहिलेली अक्षरे कारभारी स्वतःजवळच्या छोट्या हौदात घेतो आणि दुसरीला त्याच क्रमाने देतो. लिनक्समध्ये हा हौद एरवी ६५,५३६ बाइटांचा असतो. हौद भरला तर लिहिणारीला थांबावे लागते, रिकामा झाला तर वाचणारीला. दोघींचा वेग वेगळा असला, तरी काम बिनबोभाट चालते.

आपण रोज वापरतो ती उचलण्या-चिकटवण्याची सोय म्हणजे गावच्या चावडीवरचा फळाच. उचलणारी आज्ञावली एकाच मजकुराची अनेक रूपे तेथे मांडू शकते. एक रूप नुसत्या अक्षरांचे, दुसरे ठळक आणि रंगीत अक्षरांचे, तिसरे तक्त्याचे. चिकटवणारी त्यातून आपल्याला समजणारे रूप निवडते. हा फळा सामाईक असल्यामुळे त्यावरील मजकूर इतर आज्ञावल्याही पुष्कळदा वाचू शकतात. म्हणून परवलीचा शब्द तेथे ठेवताना जपावे.

आता आपल्या कोड्याकडे वळू. निरोप कोणत्याही वाटेने जावो, प्रवास करतात ते केवळ अंक. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर, हे दोन्ही टोकांना आधीच ठरलेले असावे लागते. ६५ म्हणजे इंग्रजी कॅपिटल ‘ए’, हा संकेत जगभर रूढ आहे. जुन्या मराठी फॉन्टांनी अशाच इंग्रजी अक्षरांच्या अंकांवर देवनागरीचे आकार बसवले होते. तो फॉन्ट असेल तेथे मराठी दिसे, नसेल तेथे खिचडी. आमचे पत्रक नेमके याच कारणाने बिघडले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड संकेतात देवनागरीला स्वतःचे अंक मिळाले. त्यात ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. तो साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत २२४, १६४, १४९ असे तीन बाइट लागतात. वाचणारीने ही तीन वेगवेगळी अक्षरे मानली, तर पुन्हा गोंधळच! दोघींचा संकेत एकच असेल, तर मात्र ‘क’ हा ‘क’च राहतो.

एक प्रयोग करून पाहा. तक्त्याच्या आज्ञावलीत चार विद्यार्थ्यांची नावे व गुण लिहा आणि एक नाव ठळक करा. हा तक्ता उचलून आधी लेखनाच्या मोठ्या आज्ञावलीत चिकटवा, मग नुसता साधा मजकूर घेणाऱ्या आज्ञावलीत. दुसऱ्या ठिकाणी काय गळाले आणि काय टिकले? आता मूळ तक्त्यातील एक गुण बदला. चिकटवलेला आकडा बदलला का? नसेल, तर का नाही, याचे उत्तर वहीत लिहा.

आमचे पत्रक अखेर पुन्हा टंकित करावे लागले. महाराष्ट्रात अशी किती पत्रके, किती पुस्तके जुन्या फॉन्टांच्या अंकांत अडकून पडली असतील! त्या फॉन्टांचे संकेत जाणणारी माणसे आहेत, तोवर ती युनिकोडमध्ये आणून ठेवली पाहिजेत. नाही तर अंक राहतील, पण ते वाचता येणारे कोणी उरणार नाही.