सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंय

आज पोटाबद्दल बोलू या. मी कोलकात्यात दक्षिणेकडे एका छोट्या दवाखान्यात बसते. माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण बंगाली, काही मारवाडी आणि बिहारी. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात ओळख झालेली मराठी माणसंही अधूनमधून येतात. तक्रार कुठलीही असो, निम्म्या वेळा बोलता बोलता गाडी पोटावर येतेच.

इथल्या माणसाला 'ऑम्बोल' होतो, म्हणजे छातीत-पोटात जळजळतं, आंबट ढेकर येतात. त्यावर घरोघरी 'जोयानेर आरक', म्हणजे ओव्याचा अर्क, ठेवलेला असतो. कुणाला 'पुरोनो आमाशा' असतो, म्हणजे जुनाट आव. मराठी माणूस म्हणतो 'पित्त झालंय', 'गॅस धरलाय', 'पोट साफ होत नाही'. शब्द वेगळे, पण या एकेका शब्दाखाली चार-पाच निरनिराळे आजार लपलेले असतात. म्हणून मी रुग्णाला सांगते, 'गॅस' हा शब्द जरा बाजूला ठेवा आणि नेमकं काय होतं ते सांगा. पोट फुगतं, ढेकर येतात, की वारा सरतो? दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं, की जेवल्यावर तासभर जड राहतं? दुखतं ते बेंबीच्या वर, की खाली? शौचाला जाऊन आल्यावर बरं वाटतं का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार महत्त्वाचं आहे. ज्याला आपण आयबीएस म्हणतो, त्याची व्याख्या २०१६ सालच्या 'रोम ४' निकषांत दिली आहे. गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखतं, आणि त्या दुखण्याचा तीनपैकी दोन गोष्टींशी संबंध असतो: शौचाला जाणं, शौचाच्या वेळा बदलणं, मलाचं स्वरूप बदलणं. तक्रार सुरू होऊन किमान सहा महिने झालेले असावेत. दुखणं बेंबीच्या वर असेल, जेवल्यावर जडपणा असेल, भूक लवकर भागत असेल, तर तो फंक्शनल डिस्पेप्सिया असू शकतो. एकाच माणसाला दोन्ही असणंही नवं नाही.

'फंक्शनल' म्हणजे अवयव दिसायला ठीक, काम करण्यात बिघाड. आता याला आतडं आणि मेंदू यांच्या संवादातला बिघाड म्हणतात, आणि हे नाव मला जास्त पटतं. १९७३ साली रिची नावाच्या संशोधकाने आतड्यात छोटा फुगा फुगवून पाहिला. ज्यांना हा त्रास होता त्यांना इतरांपेक्षा कमी हवेतच दुखू लागलं. म्हणजे दुखणं खोटं नव्हतं, घंटा जास्त नाजूक झाली होती. म्हणून 'तुम्हाला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत' हे वाक्य मी माझ्या दवाखान्यातून हद्दपार केलंय. २०२१ मध्ये ३३ देशांतल्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इंटरनेटवरून उत्तरं दिलेल्यांपैकी सुमारे चाळीस टक्के लोक अशा कुठल्या ना कुठल्या विकाराच्या निकषांत बसत होते. एवढ्या सगळ्यांची मनं कशी खेळतील?

आता 'जुनाट आव'बद्दल. कोलकाता हे आतड्याच्या आजारांचं जुनं शहर. १९१२ मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांनी अमिबाच्या आवेवर एमेटीनची इंजेक्शनं लागू पडतात हे इथेच दाखवलं. कॉलऱ्याच्या जंतूचं विष आतड्यात काय करतं, हे शंभुनाथ डे यांनी १९५९ साली इथूनच जगाला सांगितलं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले. त्यामुळे इथे 'आमाशा' हा शब्द पिढ्यान्पिढ्या ओठांवर बसलाय. पण दहा-दहा वर्षं मेट्रोनिडॅझोलचे कोर्स घेणारे जे लोक येतात, त्यांतल्या बहुतेकांना अमिबा नसतो. कधीतरी जोराचा जुलाब झालेला असतो, जंतू निघून गेलेले असतात, आणि आतडं मात्र हळवं होऊन बसलेलं असतं. पोटाच्या संसर्गानंतर साधारण दहातल्या एकाला असं होतं. त्यांना अमिबाचं औषध पुन्हा देऊन काय मिळणार? तोंड कडू होतं, एवढंच.

बद्धकोष्ठाची गंमत वेगळी. आठवड्यातून तीनदापेक्षा कमी जाणं म्हणजे बद्धकोष्ठ, असं पाश्चात्त्य पुस्तकं मानतात. आपल्याकडे रोज सकाळी पोट मोकळं झालं नाही तर माणूस दिवसभर बेचैन असतो. मग मी आकडा सोडून रूप विचारते. त्यासाठी ब्रिस्टलच्या तक्त्यात सात चित्रं आहेत. पहिली दोन, म्हणजे लेंड्या किंवा गाठींची वळी, बद्धकोष्ठाची. शेवटची दोन जुलाबाची. तो तक्ता टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. आजीबाई पदर तोंडाला लावून हसतात, पण बोट बरोबर ठेवतात.

आणि औषधं विचारायची. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने जुलाब होतात, लोहाच्या गोळ्यांनी पोट बांधलं जातं, सांधेदुखीच्या गोळ्यांनी जठर जळतं. दुधाचंही विचारायचं. पायस खाल्लं की पोट गुडगुडतं पण संदेश चालतो, असं कुणी म्हणालं तर मला लॅक्टोजची शंका येते, कारण छेना करताना निवळीबरोबर बरंचसं लॅक्टोज निघून जातं.

एवढं सगळं विचारूनही माझ्याकडून चूक झालीच. ती सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

सांगलीकडचा एक माणूस आला होता, चाळिशीच्या आतला. खानापूर-आटपाडी भागातली पुष्कळ कुटुंबं सोन्याचांदीच्या गलाईच्या कामासाठी देशभर पसरली आहेत, कोलकात्यातही आहेत. हा त्यांतलाच. म्हणाला, "मॅडम, पोट साफच हुईना झालंय. कळ उठली की जीव नकोसा होतो." वर्ष झालं होतं. बरोबर जाड फाइल होती: सोनोग्राफी नॉर्मल, एंडोस्कोपी नॉर्मल. वजन उतरलेलं नव्हतं, रक्त पडत नव्हतं. घरचे गावाकडे, डोक्यावर कर्ज, झोप नाही. निकषांत अगदी नीट बसत होता. मी मराठीतून छान समजावलं, ईसबगोल दिलं आणि मनातल्या मनात खूश झाले, की याला आपल्या भाषेत ऐकणारं कुणीतरी भेटलं.

दीड महिन्याने परत आला तेव्हा खिडकीतून ऊन त्याच्या चेहऱ्यावर पडलं होतं. फिकट वाटला. फाइल पुन्हा चाळली. एवढ्या महागड्या तपासण्यांमध्ये साधा सीबीसी कुठेच नव्हता. तो केला, हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. पुरुषाला इतकी रक्तक्षीणता फंक्शनल आजारात होत नाही. मग जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं: कामात नेमकं काय करता? दुकान सांभाळत असेल, असं मी गृहीत धरलं होतं. तो चांदीच्या भट्टीवर बसत होता, बंद खोलीत. शुद्धीकरणात शिसं वापरत होते. रक्तातलं शिसं तपासलं, ते मर्यादेच्या कितीतरी पट निघालं. शिशाने पोटात कळा येतात, बद्धकोष्ठ होतं, रक्त कमी होतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या चांदीकारागिरांच्या रक्तात शिसं वाढलेलं असल्याचं अभ्यासांत नोंदलेलं आहे. माझ्या टेबलापर्यंत ते पोचलं नव्हतं.

तेव्हापासून क्रम ठरलाय. धोक्याच्या खुणा विचारायच्या: न ठरवता वजन उतरणं, शौचातून रक्त, ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा जुलाब, गिळताना अडकणं, घरात आतड्याचा कर्करोग, पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार. पन्नाशीच्या बाईला नव्याने 'गॅस' सुरू झाला, पोट सतत फुगलेलं राहू लागलं, तर बीजांडकोशाचा विचार झालाच पाहिजे. त्या वयात नवा आयबीएस सहसा सुरू होत नाही. आपल्या देशात आतड्याचा क्षय विसरून चालत नाही. मग पोटावर हात ठेवून तपासायचं, डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची. सीबीसी आणि सीआरपी सगळ्यांना. जुलाब असतील तर सीलिॲकची रक्तचाचणी आणि मलतपासणी. बद्धकोष्ठ असेल तर थायरॉइड. यात काही सापडलं नाही आणि निकष जुळले, तर मी पहिल्याच भेटीत निदानाचं नाव घेते. 'अजून एक स्कॅन करून बघू' म्हणत राहिलं, की रुग्णाला वाटतं डॉक्टरलाच खात्री नाही.

उपचारांवर पुढच्या भागात बोलू. एकच सांगते: कमी मात्रेतली अमिट्रिप्टिलीन सुचवली की लोक दचकतात, 'ही डिप्रेशनची गोळी ना?' २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या ५५ फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांतल्या ४६३ आयबीएस रुग्णांवरच्या अभ्यासात ती नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरली. १० ते ३० मिलिग्रॅम, म्हणजे नैराश्यावरच्या मात्रेहून खूप कमी. इथे ती आतड्याकडून मेंदूकडे जाणारी घंटा जरा हळू करते.

गलाईवाला आता भट्टीवर बसत नाही, हिशेब बघतो. पगार कमी झाला, असं तो दर वेळी ऐकवतो. हिमोग्लोबिन बारा झालंय. त्याच्या जागी भट्टीवर जो मुलगा बसतो, तोही त्याच्याच गावचा आहे. त्याला तपासणीला आणा म्हणून मी तीनदा सांगितलंय. अजून आलेला नाही.