भयपटांचे उपप्रकार आणि चाहत्यांची परिभाषा

वेस क्रेव्हन यांच्या ‘स्क्रीम’ (1996) या चित्रपटाच्या आरंभी घरात एकटी असलेली एक तरुणी दूरध्वनीवर अनोळखी माणसाशी बोलत असते. बोलणे सहज भयपटांकडे वळते. आवडता भयपट कोणता, याची देवघेव होते आणि पाहता पाहता गप्पांची प्रश्नमंजूषा होते. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (1980) या चित्रपटातील खुनी कोण, या प्रश्नाला ती पुढील भागांमुळे प्रसिद्ध झालेल्या जेसनचे नाव सांगते. पहिल्या भागातील खुनी मात्र जेसनची आई आहे. उत्तर चुकते आणि त्या चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते. याच चित्रपटात व्हिडिओच्या दुकानात काम करणारा रँडी हा तरुण ‘स्लॅशर’ चित्रपटातून जिवंत सुटण्याचे नियम मित्रांना समजावून सांगतो. चाहत्यांचे वर्गीकरण म्हणजे फावल्या वेळातील करमणूक, असे मानणाऱ्या समीक्षेने या दोन प्रसंगांकडे लक्ष द्यायला हवे. येथे उपप्रकाराचे ज्ञान हाच कथेचा चालक आहे आणि ते ज्ञान विद्यापीठात नव्हे, व्हिडिओच्या दुकानात घडलेले आहे.

वाङ्मयप्रकाराची चर्चा करताना आपण सामान्यतः लेखक, कृती आणि समीक्षक या तिघांचाच विचार करतो. भयपटाच्या बाबतीत हा हिशेब अपुरा ठरतो. अमेरिकेत 1958 मध्ये ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ आणि 1979 मध्ये ‘फँगोरिया’ ही नियतकालिके निघाली. त्यांच्या वाचकांनी व्हँपायरपट, झोंबीपट, स्लॅशर अशा विभागण्या नुसत्या वापरल्या नाहीत, तर त्यांच्या सीमांवरून वर्षानुवर्षे वाद घातले. ‘सायको’ (1960) हा स्लॅशरचा पूर्वज की स्वतंत्र मनोविश्लेषणात्मक चित्रपट? ‘हॅलोविन’ (1978) पहिला मानावा की ‘ब्लॅक ख्रिसमस’ (1974)? वरवर क्षुल्लक वाटणारे हे प्रश्न वस्तुतः प्रभाव आणि पूर्वपरंपरा यांविषयीचे आहेत, म्हणजे तौलनिक साहित्याभ्यासाचेच आहेत.

परिभाषेची ही ये-जा दोन्ही दिशांनी चालते. स्लॅशर चित्रपटात अखेरपर्यंत जिवंत राहून खुन्याशी सामना करणाऱ्या तरुणीला कॅरल क्लोव्हर यांनी 1987 च्या निबंधात ‘फायनल गर्ल’ हे नाव दिले. 1992 च्या त्यांच्या ग्रंथामुळे ते रूढ झाले. पुढे चाहत्यांनी ते इतके आपलेसे केले की 2015 मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. ‘फोक हॉरर’ या संज्ञेचा प्रवास वेगळा आहे. ‘द ब्लड ऑन सेटन्स क्लॉ’ (1971) या आपल्या चित्रपटाविषयी बोलताना पिअर्स हॅगर्ड यांनी 2004 मध्ये ती वापरली, मार्क गॅटिस यांच्या बीबीसी मालिकेने 2010 मध्ये ती सर्वदूर नेली आणि मग ‘द विकर मॅन’ (1973) सारख्या चित्रपटांना ती पूर्वलक्षी पद्धतीने लावण्यात आली. चित्रपट आधी आणि प्रकार तीन-चार दशकांनंतर, असा हा क्रम आहे.

या परिभाषेत तार्किक शिस्त नाही, हे खरे. व्हँपायरपट हे नाव भयकारी पात्रावरून पडले, ‘फाउंड फुटेज’ चित्रणतंत्रावरून, ‘फोक हॉरर’ परिसर आणि श्रद्धाव्यवस्थेवरून, तर ‘गोर’ हे पडद्यावर दाखवल्या जाणाऱ्या रक्तावरून. विभाजनाचे तत्त्व पावलोपावली बदलते. परंतु चाहत्यांचे सर्वांत तीव्र वाद नेमके कोठे होतात हे पाहिले, तर या अव्यवस्थेतही एक जाण दिसते. ‘सॉ’ (2004) किंवा ‘हॉस्टेल’ (2005) यांना भयपट म्हणावे का, हा त्यांपैकी एक. डेव्हिड एडलस्टीन यांनी 2006 मध्ये या प्रवाहाला ‘टॉर्चर पॉर्न’ हे निंदाव्यंजक नाव दिले. अनेक चाहत्यांचा आक्षेप मात्र नीतीचा नव्हताच. येथे किळस आहे, भीती नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

भारतीय वाचकाला हा भेद परिचित आहे. भरताने भयानक आणि बीभत्स हे दोन स्वतंत्र रस मानले. एकाचा स्थायिभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. नोएल कॅरल यांनी 1990 च्या ग्रंथात भयपटातील राक्षसाची व्याख्या करताना धोका आणि अशुद्धता ही दोन्ही लक्षणे आवश्यक ठरवली. म्हणजे भरताने वेगळे केलेले त्यांनी एकत्र बांधले. ‘गोर’ला भयपटाच्या बाहेर काढू पाहणारा चाहता नकळत कॅरलपेक्षा भरताच्या जवळ जातो. तसेच अभिनवगुप्ताने भयानकाचे उदाहरण म्हणून घेतलेले शाकुंतलातील पळणारे हरीण आठवावे. तेथे राक्षस नाही, अशुद्ध असे काही नाही, बाण रोखलेला राजा तर नाटकाचा नायक आहे. कॅरलच्या चौकटीत न बसणारे हे भय रसविचाराच्या केंद्रस्थानी आहे. (रसचर्चेची आयुधे लोकप्रिय चित्रपटाला लावण्यात मराठी समीक्षेला वाटणारा संकोच अनाठायी आहे, हे जाता जाता नोंदवायला हवे.)

भारतात चाहत्यांनी उपप्रकार पाडले ते निराळ्या रीतीने. ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (1972) पासून ‘पुराना मंदिर’ (1984) आणि ‘वीराना’ (1988) यांच्यापर्यंत रामसे बंधूंनी जे चित्रपट काढले, त्यांना ‘रामसेंचे सिनेमे’ हेच प्रकारनाम मिळाले. घराण्याच्या नावाने प्रकार ओळखण्याची ही पद्धत संगीतातील घराण्यांची आठवण करून देणारी आहे. मराठीत साहित्याच्या वाचकांनी भयकथा आणि गूढकथा असा भेद केला. नारायण धारप यांचे नाव पहिलीशी आणि रत्नाकर मतकरी यांचे दुसरीशी जोडले गेले. अनुभवाच्या प्रतीवर आधारलेला हा भेद इंग्रजी नामावलीत कोठेच नेमका बसत नाही.

आयात केलेले नाव किती फसवे ठरू शकते, हे ‘तुंबाड’ (2018) वरून दिसते. त्याला सर्रास ‘फोक हॉरर’ म्हटले जाते. परंतु त्यातील हस्तर हे दैवत कोणत्याही लोकपरंपरेतून आलेले नाही. ते चित्रपटासाठी रचलेले आहे. चित्रपटामागे असलेली धारपांची ‘आजी’ ही कथा स्वतः स्टीव्हन किंग यांच्या ‘ग्रॅमा’ या कथेवर बेतलेली आहे. अमेरिकन कथा मराठीत येते, मराठीतून हिंदी चित्रपटात शिरते आणि अखेरीस कोकणच्या मातीतील ‘लोक’ म्हणून जगापुढे ठेवली जाते. लेबल लावून थांबणाऱ्याला यातला एकही टप्पा दिसत नाही.

याहून बोलके उदाहरण फाझिल यांच्या ‘मणिचित्रताळ्’ (1993) या मल्याळम चित्रपटाचे आहे. जुन्या वाड्यातील बंद खोली उघडणारी गंगा नागवल्ली या मृत नर्तकीशी एकरूप होते, मनोविकारतज्ज्ञ डॉ. सनी तो आजार ओळखतो, पण उपचारासाठी मांत्रिकाच्या विधीचीच मदत घेतो. चाहते याला ‘सायकॉलॉजिकल हॉरर’ म्हणतात. त्स्वेतान तोदोरोव्ह यांच्या 1970 च्या मांडणीनुसार पाहिले, तर नैसर्गिक स्पष्टीकरण मिळताच अद्भुताविषयीचा संभ्रम संपायला हवा. येथे तो पुरता संपत नाही, कारण रोग बरा होतो तो विधीच्या रंगमंचावर. विज्ञान आणि मंत्र यांचा हा समझोता तोदोरोव्हच्या युरोपीय उदाहरणांत सहसा आढळत नाही.

या कथेची कन्नडमध्ये ‘आप्तमित्र’ (2004), तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’ (2005) आणि हिंदीत ‘भूलभुलैया’ (2007) अशी रूपांतरे झाली. उपप्रकाराच्या नावाने ही चारही एकाच कप्प्यात पडतात. पण मल्याळम चित्रपटातील नागवल्ली तंजावूरची आहे आणि तमिळ बोलते. कन्नड आणि तमिळ रूपांतरांतील नर्तकी तेलुगू गाते. हिंदीतील मंजुलिका बंगाली आहे. झपाटलेली स्त्री दर वेळी दुसऱ्या भाषेत बोलू लागते आणि घरच्यांना तिची खरी दहशत वाटते ती तेव्हाच. प्रत्येक रूपांतरकाराने आपल्या प्रेक्षकाला पुरेशी परकी आणि तरी ओळखीची अशी भाषा शोधली आहे. मूळ कथेतील तमिळ चित्रपट तमिळमध्ये नेताना कायम ठेवता आली नसती, हे उघड आहे. पण तिच्या जागी तेलुगू का आली आणि हिंदीत बंगालीच का, याची उत्तरे त्या त्या प्रदेशातील नृत्य, गणिका आणि शेजार यांच्या इतिहासात शोधावी लागतील. ‘भूलभुलैया 2’ (2022) मध्ये तर मनोविकाराचे स्पष्टीकरणच टाकून दिले आणि भूत खरे मानले. उपप्रकार बदलला; मंजुलिकेची बंगाली मात्र तशीच ठेवण्यात आली.