महाविद्यालयीन किक रिटर्नरचे व्यावसायिक निवडीच्या दृष्टीने मूल्यमापन : अमेरिकन फुटबॉलच्या संदर्भात

प्रस्तावना

अमेरिकन फुटबॉलमधील व्यावसायिक संघांना नवे खेळाडू प्रामुख्याने विद्यापीठांच्या संघांतून मिळतात. नॅशनल फुटबॉल लीगच्या वार्षिक निवडप्रक्रियेस ‘ड्राफ्ट’ असे म्हणतात. तिच्या सात फेऱ्या होतात व संघ क्रमाने खेळाडू निवडतात. बहुतेक स्थानांवरील खेळाडूच्या कामगिरीचे शेकडो प्रसंग निवडकर्त्यांपुढे असतात. किक रिटर्नरच्या बाबतीत मात्र तसे नसते. प्रतिपक्षाने पायाने दूर टोलवलेला चेंडू झेलून तो शक्य तितका पुढे आणणे हे त्याचे कार्य होय, आणि एका सामन्यात अशी संधी त्यास मोजकीच लाभते. इतक्या तुटपुंज्या पुराव्यावरून व्यावसायिक यशाचा अंदाज कसा बांधावा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सरासरी व तिची फसगत

रिटर्नरची गुणवत्ता सामान्यतः ‘प्रति परती सरासरी यार्ड’ या मापाने सांगितली जाते. समजा, एका खेळाडूने हंगामात १९ वेळा चेंडू परत आणला व दर वेळी २२ यार्ड मिळवले, तर त्याची बेरीज ४१८ होईल. विसाव्या खेपेस समोरच्या फळीच्या ढिलाईमुळे तो ९५ यार्ड धावला, तर बेरीज ५१३ व सरासरी सुमारे २५.७ होते. म्हणजे एका धावेने सरासरी साडेतीन यार्डांहून अधिक वाढली. मध्यक मात्र २२ वरच राहिला. सांख्यिकीच्या अध्यापकांस यात नवल वाटणार नाही, परंतु वृत्तपत्रांतून मिरवते ती सरासरीच. शिवाय त्या ९५ यार्डांत अडथळे दूर करणाऱ्या दहा सहकाऱ्यांचा वाटा किती, हे आकड्यांतून कळत नाही. त्यासाठी चित्रफीतच पाहावी लागते : चेंडू कसा झेलला, वाट केव्हा निवडली, पहिला प्रतिस्पर्धी स्वतः चुकवला की तो आधीच अडवला गेला होता.

दुसरे लोकप्रिय माप म्हणजे ४० यार्डांची धाव. या मापाची मर्यादा दाखवणारे बोलके उदाहरण केंट स्टेट या एकाच विद्यापीठात सापडते. तेथील ड्राय आर्चरने २०१४ च्या चाचणीत हे अंतर ४.२६ सेकंदांत कापले. महाविद्यालयात तो नामवंत रिटर्नर होता. पिट्सबर्ग स्टीलर्सने त्यास तिसऱ्या फेरीत निवडले, आणि २०१५ च्या हंगामातच मुक्त केले. त्याच विद्यापीठाचा जोशुआ क्रिब्ज हा क्वार्टरबॅक. २००५ च्या ड्राफ्टमध्ये त्यास कोणीही निवडले नाही. क्लीव्हलँड ब्राउन्सकडून खेळताना त्याने किकऑफवर आठ टचडाउन केले. लहान चणीच्या आर्चरकडे वेग होता. क्रिब्जकडे धिप्पाड देह, धक्का पचवून पुढे जाण्याची ताकद आणि क्वार्टरबॅकला लागणारी मैदान वाचण्याची नजर होती. एका जोडीवरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरे. पण निव्वळ घड्याळावर भिस्त ठेवणाऱ्याने ही जोडी विसरू नये.

नियमभेद

महाविद्यालयीन व व्यावसायिक खेळाचे नियम भिन्न आहेत, हा मुद्दा प्रस्तुत लेखकास सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पंटच्या वेळी महाविद्यालयात चेंडू मागे येताच मारणाऱ्या संघाचे सर्व खेळाडू पुढे धावू शकतात. व्यावसायिक खेळात चेंडू मारला जाईपर्यंत केवळ कडेच्या दोघांनाच ती मुभा असते. त्यामुळे महाविद्यालयीन रिटर्नरभोवती गराडा लवकर पडतो. त्याने पंट फारसे परत आणले नाहीत, एवढ्यावरून त्यास कमी लेखणे अन्यायाचे ठरेल.

किकऑफची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. व्यावसायिक लीगने २०११ मध्ये किकऑफ ३० ऐवजी ३५ यार्डांवरून सुरू केला, तेव्हा चेंडू शेवटच्या पट्ट्यात जाऊन परतीच्या संधीच घटल्या. २०२४ मध्ये तर रचनाच पालटली. मारणाऱ्या संघाचे दहा खेळाडू प्रतिपक्षाच्या ४० यार्ड रेषेवर उभे राहतात आणि चेंडू पलीकडे जमिनीस अथवा खेळाडूस लागेपर्यंत हलत नाहीत. २०२५ मध्ये टचबॅकनंतर चेंडू ३५ यार्डांवर देण्याचे ठरल्याने परतींची संख्या पुन्हा वाढली. दुरून भरधाव येणारी फळी आता नाही. जवळ उभ्या भिंतीतील फट क्षणात हेरावी लागते. महाविद्यालयांत मात्र जुनी पद्धत टिकून आहे. म्हणजे निवडकर्ता एका खेळाची चित्रफीत पाहून दुसऱ्याच खेळासाठी माणूस निवडत असतो!

दुसरे काम

व्यावसायिक संघात ५३ जागा असतात, आणि केवळ परतीसाठी एक जागा राखणे क्वचितच परवडते. डेस्मंड हॉवर्डला १९९२ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडले गेले ते रिसीव्हर म्हणून. त्या भूमिकेत तो फारसा चमकला नाही. त्याची खरी किंमत ग्रीन बे पॅकर्सकडे कळली. जानेवारी १९९७ च्या सुपर बोलमध्ये ९९ यार्डांची परती करून तो सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डेव्हिन हेस्टरपुढे अडचण उलटी होती. मायामी विद्यापीठात तो अनेक जागी खेळला, पण कोणतीही एक जागा त्याची झाली नाही. शिकागो बेअर्सने २००६ मध्ये त्यास दुसऱ्या फेरीत, ५७ व्या क्रमांकावर, कॉर्नरबॅक म्हणून घेतले. त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये पहिलाच किकऑफ त्याने टचडाउनपर्यंत नेला. पुढल्या वर्षी त्यास रिसीव्हर करण्यात आले. मुख्यत्वे रिटर्नर म्हणून हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळवणारा तो पहिला खेळाडू. तो मान त्यास २०२४ मध्ये लाभला.