वसंतारंभीच्या वेलभाज्या आणि कडू दुधीचा प्रश्न

दुधी, पडवळ, दोडका, घोसाळे आणि कारले ही आपल्या पथ्यपत्रकावरील नित्याची नावे. ज्वरातून उठलेल्या रुग्णास, प्रमेहीस, हृद्रोग्यास आपण ही नावे इतक्या सहजतेने सांगतो की, ती भाजी कोणत्या बियाण्याची, कोणत्या पाण्यावरची आणि किती दिवसांची आहे, हा विचार मनात येत नाही. औषधीद्रव्य खरेदी करताना जी चिकित्सा आपण करतो, तिचा अंशही पथ्यद्रव्याच्या वाट्यास येत नाही. या भाज्यांची उन्हाळी लागवड करण्याचा काळ आता जवळ आला आहे. त्या निमित्ताने लागवडीचे काही विवेचन, आणि त्याच्या जोडीने वैद्य व औषधनिर्माते या दोहोंशी थेट संबंध असलेला एक गंभीर विषय, प्रस्तुत लेखात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

वसंत म्हणजे चैत्र-वैशाख हा रूढ पाठ सर्वांस ठाऊक आहे. तथापि सुश्रुताने सूत्रस्थानात दोषांच्या संचय-प्रकोपाच्या दृष्टीने दुसरी ऋतुगणनाही दिली असून, तीत फाल्गुन-चैत्र हा वसंत आहे. महाराष्ट्राच्या हवामानास आणि भाजीच्या वाफ्यास ही दुसरी गणनाच अधिक जुळते, असे आमचे मत आहे. रात्रीचा गारठा ओसरून जमीन उबदार झाल्यावाचून वेलवर्गाचे बी रुजत नाही. पौषात घाईने टोकलेले बी पुष्कळदा मातीतच कुजते. माघाच्या उत्तरार्धात टोकलेले बी मात्र आठ-दहा दिवसांत वर येते. उलट चैत्रात उशिरा पेरणी केल्यास वेल फुलावर येईतो कडक उन्हाळा सुरू होतो, नरफुलेच अधिक लागतात आणि फळधारणा घटते. म्हणून माघ वद्यापासून होळीपर्यंतचे सुमारे चार आठवडे आम्ही श्रेयस्कर मानतो. कोकणात ते थोडे अलीकडे घ्यावे.

जागा, माती आणि बी

दवाखान्यामागील मोकळी जागा, गच्ची अथवा गावाबाहेर वार्षिक खंडाने घेतलेला एखादा गुंठा, यांपैकी काहीही चालते. जर्मनीत शहरवासीयांना अशा खंडाच्या बागा देण्याची व्यवस्था कायद्याने बांधलेली असून, एका बागेची मर्यादा ४०० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे चार गुंठे आहे. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही. परंतु दोन-तीन वैद्यांनी मिळून एखाद्या परिचित शेतकऱ्याकडून विहिरीलगतचा तुकडा घेणे अशक्य नाही. गच्चीवर वेल लावावयाची असल्यास कुंडी लहान घेऊ नये. चाळीस-पन्नास लिटरचे अर्धे पिंप हे दुधीस किमान होय. जमिनीत हात-दीड हात रुंद व तितकेच खोल आळे करून त्यात पूर्ण कुजलेले शेणखत आणि वरची माती निम्मी-निम्मी भरावी. ओले शेण घातल्यास हुमणीस आमंत्रण मिळते.

बियाण्यासाठी कृषी विद्यापीठांची विक्रीकेंद्रे आम्हास विश्वसनीय वाटतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘सम्राट’ दुधी, ‘हिरकणी’ कारले व ‘फुले सुचेता’ दोडका, तसेच दापोली विद्यापीठाचे ‘कोकण तारा’ कारले आणि ‘कोकण श्वेता’ पडवळ हे वाण परसबागेतही चांगले येतात. दुधीचे बी रात्रभर आणि कारल्याचे टणक बी पूर्ण एक दिवस कोमट पाण्यात भिजवावे. एका आळ्यात तीन बिया टोकून पुढे एकच सशक्त रोप राखावे. हळव्या मनाचे बागकाम करणारे तिन्ही रोपे ठेवतात आणि मग एकही वेल धड होत नाही.

रोपाला दोन पाने फुटताच तांबडे भुंगेरे येतात. सकाळी दव असताना चाळलेली राख धुरळणे हा जुना उपाय पुरेसा होतो. गंधकाच्या भुकटीचा मोह मात्र आवरावा. भुरी रोगावर गंधक प्रभावी असले, तरी वेलवर्गाची पाने उन्हाळ्यात त्याने करपतात. निंबोळीचा ५ टक्के अर्क, म्हणजे एक लिटर पाण्यास ५० ग्रॅम निंबोळी चूर्ण रात्रभर भिजवून गाळलेले, संध्याकाळी फवारावे. पुढे कोवळ्या फळांस फळमाशी डंख करते. त्यासाठी क्यूल्यूरचा एक सापळा व फळावर कागदाची पिशवी एवढे केले तरी घरापुरते भागते.

फुलांविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील विषयाचा पाया तेथेच आहे. या वेलींवर नर व मादी फुले वेगवेगळी असतात. मादीफुलाच्या देठाशी इवलेसे फळ दिसते. आरंभी केवळ नरफुले येऊन गळतात. त्याने निराश होऊ नये. कारले व काकडी सकाळी फुलतात. दुधीचे पांढरे फूल मात्र संध्याकाळी उमलते आणि त्याचे परागण मुख्यतः रात्री हिंडणारे पतंग करतात. शहरात त्यांची वाण असल्याने दिवेलागणीस नरफूल खुडून मादीफुलावर अलगद टेकवावे. अशा रीतीने धरलेला दुधी दोन आठवड्यांच्या आत काढण्यायोग्य होतो. नखाने साल सहज टोचली जावी, इतका तो कोवळा असावा.

गोड कुळातील कडू भावंडे

चरकाच्या कल्पस्थानातील पहिले सहा अध्याय वामक द्रव्यांचे आहेत : मदनफल, जीमूतक, इक्ष्वाकु, धामार्गव, वत्सक आणि कृतवेधन. यांतील चार या वेलकुळातील आहेत. जीमूतक म्हणजे देवदाली, इक्ष्वाकु म्हणजे कडू दुधी, धामार्गव हे बहुतेक अभ्यासकांच्या मते घोसाळ्याचे कडू भावंड, आणि कृतवेधन म्हणजे कडू दोडकी. चरकाने सांगितलेल्या ३५५ वमनयोगांपैकी जीमूतकाचे ३९, इक्ष्वाकूचे ४५ आणि धामार्गव व कृतवेधन यांचे प्रत्येकी ६० आहेत. म्हणजे निम्म्याहून अधिक योग आपल्या भाजीच्या मांडवावरील वेलींच्या सख्ख्या भावंडांचे ठरतात. वमनाचा प्रशस्त काळही वसंतच. ज्या दिवसांत आपण परसात गोड दुधी लावतो, त्याच दिवसांत पंचकर्मगृहात कफप्रकोपाचे शोधन चालू असते.

इक्ष्वाकु आणि दुधी या वनस्पतिशास्त्रदृष्ट्या दोन जाती नव्हेत. दोहोंचे नाव लॅजेनेरिया सायसेरेरिया हेच आहे. पंढरपूर परिसरात तंबोऱ्यासाठी पिकविला जाणारा कडू भोपळाही तोच. कडूपणा देणारी द्रव्ये कुकुर्बिटासिन या वर्गातील असून, गोड वाणांत ती निवडीने जवळपास नाहीशी झालेली असतात. जवळपास, पूर्णतः नव्हे. कडू वेलीचा पराग गोड वेलीच्या मादीफुलावर पडला तर त्या वर्षीचे फळ गोडच राहते, कारण गर हा मातृवेलीचाच भाग असतो. पण त्या फळातील बी राखून पुढच्या वर्षी लावल्यास कडू फळ येऊ शकते. ‘घरचे बी, म्हणून निर्धोक’ हा समज येथे उलटा पडतो. प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत ५०० मीटर अंतर राखण्याचा दंडक आहे. वाड्या-वस्तीत ते कोण पाळणार? औषधासाठी इक्ष्वाकु लावणाऱ्या वैद्यांनी त्याच आवारात दुधीचे बी मुळीच धरू नये. बी राखावयाचेच असेल तर मादीकळी दुपारी कागदी पिशवीत बांधावी, संध्याकाळी स्वहस्ते परागण करून पुन्हा बांधावी आणि फळास खूण करावी.

बियाणे शुद्ध असले तरी पाण्याचा ताण, तापमानातील तीव्र चढउतार, निकस जमीन आणि फळ जून होऊ देणे यांमुळेही कडवटपणा वाढतो. एप्रिलमध्ये दोन दिवस पाणी चुकलेली गच्चीवरील वेल या सर्व अटी एकदम पूर्ण करते. काकडीचा देठ कापून घासण्याची घराघरांतील रीत मनास समाधान देते, परंतु आतील कडूपणा घासून निघत नाही. तोच कापलेला तुकडा जिभेस लावून पाहणे हा मात्र खरा उपयोग.

रसाचा पेला

दुधीची भाजी आणि दुधीचा कच्चा रस यांत मोठे अंतर आहे. भाजीचा पहिला घास कडू लागला की माणूस ताट बाजूस सारतो. रस मात्र ‘औषध’ म्हणून नाक दाबून एका दमात घेतला जातो. गेल्या दोन-तीन दशकांत हृद्रोग व मधुमेह यांसाठी असा रस पिण्याची प्रथा बोकाळली आहे. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी व कारल्याचा मिश्र रस घेतल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञसमिती नेमली आणि समितीचा अहवाल २०१२ मध्ये परिषदेच्या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. २०१८ मध्ये पुण्यातही दुधीचा रस घेतल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाल्याचे वृत्त आले होते.

समितीच्या सूचना साध्या आहेत. रस काढण्यापूर्वी फळाचा लहान तुकडा चाखावा व कडू लागल्यास फळ टाकून द्यावे. दुधीच्या रसात अन्य रस मिसळू नये. रस घेतल्यावर मळमळ, वांती, अतिसार वा कोणतीही अस्वस्थता जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. यांतील दुसऱ्या सूचनेचे मर्म वैद्यांनी ध्यानी घ्यावे. कारल्याचा कडूपणा निराळ्या द्रव्यांचा असून त्याची आपणास सवय असते. तो दुधीच्या विषारी कडूपणास झाकून टाकतो, आणि जिभेचा पहारा निरुपयोगी ठरतो.

लक्षणे काही मिनिटांत अथवा थोड्या तासांत दिसतात : तीव्र वांती, उदरशूल, अतिसार, रक्तवमन, आणि रक्तदाब घसरून मोह. यास ज्ञात प्रतिविष नाही. शिरेतून द्रव देऊन लाक्षणिक उपचार करावे लागतात. ‘वमन झाले, कफ निघाला, बरेच झाले’ असे म्हणून रुग्णास घरी थोपवून धरणे हे घातक आहे. शास्त्रोक्त वमनात स्नेहन, स्वेदन, मात्रा, वेगांची गणना आणि पश्चात संसर्जन असते. पेलाभर अज्ञात रसात यांपैकी काहीही नसते. शिवाय गुरु शाके उकडून, रस पिळून, स्नेहयुक्त करून खावीत, असा चरकाचा दंडक आहे. कच्च्या शाकरसाचा प्रचार आयुर्वेदाच्या नावाने व्हावा, ही खेदाची बाब आहे.

शिजविल्याने भय टळते असेही समजू नये. ही द्रव्ये उष्णतेने नष्ट होत नाहीत. जर्मनीतील ज्या खंडाच्या बागांचा उल्लेख वर आला, तेथे झुकिनी नावाची भोपळावर्गीय भाजी लोक हौसेने लावतात. शेजारी शोभेचे कडू भोपळे असतात, आणि घरच्या बियांपासून आलेल्या फळांनी विषबाधा होते. तेथील शासकीय जोखीम-मूल्यांकन संस्थेने अशा बागवानांना दरवर्षी नवे बी विकत घेण्याचा व फळ चाखून पाहण्याचा सल्ला दिला आहे. तेव्हा ही आपल्याच देशातील अडाणीपणाची कथा नव्हे.

औषधनिर्मात्यांच्या दृष्टीने प्रश्न अधिक बिकट आहे. बाटलीबंद रसाच्या एका घाण्यात शेकडो फळे एकत्र होतात. त्यांत एक कडू फळ आले तर सौम्य कडवटपणा सर्व बाटल्यांत वाटला जातो, आणि आवळा किंवा अन्य रस मिसळलेला असल्यास तो कोणास कळतही नाही. फळे कापण्याच्या मेजावर प्रत्येक फळाचा देठाकडील तुकडा चाखून लगेच थुंकणारा जबाबदार माणूस नेमणे, आणि त्याने काढून टाकलेल्या फळांची नोंद घाणा-क्रमांकासह ठेवणे, यास पर्याय आम्हास दिसत नाही. ज्यांना हे जमत नसेल त्यांनी हे उत्पादन बंद करावे.

पटोलाबाबतही असाच, परंतु उलट दिशेचा घोटाळा होतो. औषधात महाराष्ट्रात कडू पडवळ वापरण्याची परंपरा आहे, तर मांडवावरचे लांब पडवळ गोड असते. ते पथ्य म्हणून उत्तम, पण क्वाथातील पटोलाच्या जागी घातल्यास योग निर्बल होतो. खरेदीच्या पावतीवर नुसते ‘पडवळ’ न लिहिता कडू की भाजीचे, हे स्पष्ट लिहून घ्यावे. दोहोंची साठवणही वेगळ्या फळीवर असावी.

माठ, राजगिरा, चुका या पालेभाज्या याच दिवसांत वेलींच्या सावलीस महिनाभरात येतात. त्यांना विशेष कौशल्य लागत नाही. मृगाच्या सरी येताच वेली उपटून मांडव मोकळा करावा. पावसात त्यांवर केवडा पडतो आणि फळात गोडी राहत नाही. पुढील हंगामाचे बी मार्गशीर्षातच मागवून ठेवावे, कारण विद्यापीठाच्या केंद्रांवर दुधीच्या पुड्या लवकर संपतात.