नावात लोह, पेल्यात नाही

चीनच्या फुजियान प्रांतात आन्शी हा डोंगराळ भाग आहे. तिथला सुगंधी उलाँग चहा ‘तिएकुआनयिन’ नावाने प्रसिद्ध आहे. ‘तिए’ म्हणजे लोखंड. ‘कुआनयिन’ म्हणजे जगाचा आक्रोश ऐकणारा करुणामूर्ती बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. पडक्या मंदिरातील कुआनयिनच्या मूर्तीची निगा राखणाऱ्या गरीब शेतकऱ्याला हे झुडूप सापडले, अशी दंतकथा तिथे सांगतात. चमत्कार आपण मानत नाही. पण कष्टकऱ्याच्या पिकाला करुणेचे नाव मिळाले, हे आम्हाला भावते.

हिरवा, काळा आणि उलाँग हे तिन्ही चहा एकाच जातीच्या झुडपाचे, फरक प्रक्रियेचा. उलाँगची पाने सुकवून हलवतात. त्यांच्या कडा दुखावतात, हवेने लालसर होतात. मग उष्णता देऊन ही क्रिया मध्येच थांबवतात. त्यातूनच फुलासारखा सुवास येतो. शेवटी पाने वळून घट्ट गोळ्या करतात.

करण्याची रीत
• चहा पाण्यात उकळू नका. एक लहान चमचा पत्ती भांड्यात घ्या.
• कपभर उकळते पाणी ओतून झाकण ठेवा. दोन-तीन मिनिटांनी गाळा.
• दूध-साखर घालू नका. आधी वास घ्या, मग घोट घ्या.
• पत्ती टाकू नका. त्याच दिवशी आणखी दोन-तीन वेळा तीच चालते.

आता महत्त्वाचे. नावात लोखंड असले तरी या चहाने रक्त वाढत नाही. उलट कोणत्याही चहातील तुरट द्रव्ये भाजी-डाळीतले लोह अंगी लागू देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आहे. वस्तीत तपासणी करताना आम्हाला हेच दिसते: थकवा, धाप, चक्कर, आणि जेवणाला जोडून चहा.

म्हणून भगिनींनो, चहा उलाँग असो की आपला दुधाचा, जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास तो टाळा. लोहाची गोळी चहासोबत कधीच घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. गरोदर मातांनी दिवसभरात एक-दोन कपांवर थांबावे. ‘या चहाने वजन उतरते, मधुमेह जातो’ असे सांगून कुणी महाग पुडा विकत असेल, तर फसू नका आणि चालू औषध बंद करू नका.

सुगंधासाठी चहा जरूर प्या. रक्तासाठी मात्र पालेभाजी, डाळ, अंडी, मांस-मासे आणि वेळच्या वेळी हिमोग्लोबिनची तपासणी हवी.