'बाहेरची बाधा' आणि वैद्यांचे कर्तव्य

"हे दवाखान्याचे दुखणे नव्हे, बाहेरचे आहे." हे वाक्य न ऐकलेला वैद्य मराठवाड्यात विरळाच. पुंडलिकनगरसारख्या वस्त्यांत गावोगावची कुटुंबे येऊन स्थिरावली. घाटी रुग्णालय याच शहरात आहे, औषधालयेही हाकेच्या अंतरावर आहेत. तरीही करणी, भानामती, नजर हे शब्द गावीच मागे राहिले नाहीत. रुग्ण आपल्याकडे पोहोचतो तेव्हा दंडाला गंडा असतो आणि चिकित्सेचा मोलाचा काळ निघून गेलेला असतो. म्हणून हा प्रश्न केवळ समाजसुधारकांवर सोडून चालणार नाही, असे आम्हांस वाटते.

मांत्रिकाला यश का मिळते?

अपस्माराचा वेग बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप शमतो. श्रेय मात्र नाकाशी धरलेल्या चपलेला किंवा कांद्याला मिळते. आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापाच्याही प्रत्येक दंशात विष उतरतेच असे नाही. मांत्रिकाने 'उतरविलेले' विष पुष्कळदा चढलेलेच नसते. परंतु नाग, मण्यार, घोणस वा फुरसे यांचे विष खरोखर शरीरात गेले असेल, तर प्रतिसर्पविषाला पर्याय नाही. मण्यारच्या दंशात तर वेदना व सूज अल्प असल्याने घरचे गाफील राहतात. काविळीची माळ लांबत जाते ती काड्या सुकल्याने आणि गाठी सैल पडल्याने. विषाणुजन्य कावीळ अनेकदा आपोआप ओसरते. रुद्धपथ कामलेचा रुग्ण मात्र माळेकडे पाहत बसला तर हातचा जातो.

सर्वांत करुण चित्र मेळघाटातील आहे. तान्ह्या बाळाचे पोट फुगले, धाप लागली, की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देण्याची तेथील प्रथा 'डंबा' या नावाने ओळखली जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातील सिमोरी येथे अवघ्या २२ दिवसांच्या बाळाला असे ६५ चटके दिल्याची घटना उघडकीस आली. ज्या बालकाला श्वास घेणेच कठीण, त्याच्यावर दाहाचा आणि जंतुसंसर्गाचा आणखी भार पडतो.

संहितांचा कौल

अशा प्रथांना 'आपल्या परंपरेतील अग्निकर्म' म्हणणारे लोक भेटतात. त्यांनी सुश्रुत सूत्रस्थानाचा बारावा अध्याय पाहावा. अग्निकर्मास अयोग्य व्यक्तींमध्ये बालक, वृद्ध, दुर्बल व भीरू यांची गणना तेथे स्पष्टपणे केली आहे. भूतविद्या हे अष्टांगांपैकी एक अंग आहे आणि विषचिकित्सेत मंत्रांचा उल्लेख आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु विधिहीन वा स्वरवर्णदोषयुक्त मंत्र सिद्ध होत नाहीत, म्हणून अगदक्रम योजावा, असे कल्पस्थानातच सांगितले आहे. उन्मादनिदानात चरकाचार्य प्रज्ञापराधाकडे निर्देश करतात आणि आपल्या दुःखाचा दोष देव, पितर वा राक्षसांना देऊ नये, असे बजावतात. जनपदोद्ध्वंसाची चर्चा करताना त्यांनी वायू, उदक, देश व काल यांची विकृती दाखविली. शेजारच्या एकाकी स्त्रीकडे बोट दाखविले नाही. नंदुरबारच्या सातपुडा भागात मात्र 'डाकीण' ठरविल्या गेलेल्या स्त्रियांना साथीच्या तापाचा किंवा मुलाच्या मृत्यूचा दोष सोसावा लागला आहे. तेथे एका आजाराचे दोन बळी होतात.

कायदा आणि आपण

डॉ. नरेंद्र दाभोलकर हे स्वतः वैद्यकाचे पदवीधर. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. कुत्रा, साप वा विंचू चावलेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे, भूत उतरविण्यासाठी मारहाण करणे, एखाद्या व्यक्तीवर करणी केल्याचा संशय पसरविणे, हे सारे त्यानुसार गुन्हे असून सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. औषधालय चालकांनी १९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमही ध्यानात ठेवावा. ताईत, मंत्र व कवच यांचा समावेश त्यातील 'जादुई उपाय' या संज्ञेत होतो. अशा वस्तूंच्या रोगनिवारक जाहिरातींना आपल्या दुकानाच्या भिंतीवर थारा देऊ नये.

कायद्याहून मोठी शक्ती वैद्याच्या शब्दाला आहे. रुग्णाचा उपहास केल्यास तो आपले दार सोडून मांत्रिकाचे दार धरतो. आमची विनंती एवढीच, की अंगारा कधी लावला, कोणाकडे नेले, किती दिवस गेले, हे रुग्णेतिहासात आवर्जून विचारावे. गंडा सोडण्याचा आग्रह न धरता आधी चिकित्सा सुरू करावी. सर्पदंश, वारंवार येणारे झटके, धाप लागलेले अर्भक आणि विपरीत वर्तन करणारा रुग्ण यांना विनाविलंब योग्य रुग्णालयात वा मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. आणि निदान लागत नाही म्हणून "एकदा बाहेरचेही पाहून घ्या" हे वाक्य आपल्या तोंडून कदापि निघू नये. वैद्याने ते उच्चारले, की मांत्रिकाच्या दाव्यावर शास्त्राचीच मोहोर उमटते.